वाटसरू आणि वर्गणीदार

मराठी वेबसाइटच्या कामात सकाळी सगळ्यात आधी उघडला जातो तो कालचा आकडा. किती लोक आले, त्यातले फेसबुकवरून किती, इन्स्टाग्रामवरून किती, गुगलवर शोधून किती. आकडा चढला असेल तर कालची पोस्ट ‘चालली’. उतरला असेल तर आज काहीतरी ‘चालणारं’ टाकायचं. दिवसाचा बेत तिथेच ठरतो. सोशल मीडियावरून साइटवर लोक आणण्याचं हे काम मी रोज करते आणि ते गरजेचं आहे असं मनापासून मानते. तरीही ते आपण बहुतेक जण चुकीच्या मापाने मोजतो आहोत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आपण आलेली माणसं मोजतो, परत आलेली मोजत नाही. मराठी नियतकालिकांच्या जगात हा फरक जुना आहे. स्टॉलवर उभ्या उभ्या अंक चाळणारा वेगळा आणि वर्षाची वर्गणी भरून आपला पत्ता देणारा वर्गणीदार वेगळा. पहिल्याशिवाय दुसरा मिळत नाही हे खरं, पण मासिक चालायचं ते दुसऱ्याच्या जिवावर. सोशल मीडिया आपल्याला वाटसरू आणून देतो. त्याचा वर्गणीदार करणं हे साइटचं काम आहे, आणि ते झालं नाही तर आकडा कितीही मोठा दिसला तरी महिनाअखेरीस हाती काही राहत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या उत्पन्नात जाहिरातींचा वाटा सुमारे ९७ टक्के आहे. जाहिरात दिसायची तर माणूस ॲपच्या आत थांबला पाहिजे, आणि लिंक म्हणजे त्याला बाहेर नेणारं दार. म्हणून ‘लिंक टाकली की रीच पडतो’ ही जी तक्रार या कामातला प्रत्येक जण करतो, तिच्यामागे कुणाचा आकस नाही, साधा हिशेब आहे. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात लिंक लिहिली तरी ती उघडत नाही. स्टोरीत लिंक देण्याची सोय कितीतरी वर्षं दहा हजारांहून जास्त फॉलोअर्स असलेल्या किंवा व्हेरिफाइड खात्यांपुरतीच होती आणि सगळ्यांना ती मिळाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. ट्विटर एलॉन मस्क यांच्याकडे गेलं, त्याचं नाव एक्स झालं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लिंकसोबत दिसणारं बातमीचं शीर्षकच काही काळ काढून टाकलं गेलं. पुढल्या वर्षी मस्क यांनीच सुचवलं की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खाली उत्तरात द्या. फेसबुकने ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फीडविषयी पहिला अहवाल काढला. लोकांनी फीडमध्ये जे पाहिलं, त्यातल्या सुमारे ८७ टक्के वेळा पोस्टमध्ये बाहेरची कुठलीही लिंक नव्हती. नंतरच्या अहवालांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर गेलं. म्हणजे फीडवर लिंकला मुळातच जागा थोडी आहे, आणि त्या थोड्या जागेसाठी जगभरातल्या साइट झटत आहेत.

या थोड्या जागेचे नियमही आपल्या हातात नाहीत. अपवर्दी ही अमेरिकी साइट २०१२ साली सुरू झाली आणि उत्सुकता ताणणाऱ्या शीर्षकांच्या जोरावर वर्ष-दीड वर्षात फेसबुकवरून कोट्यवधी वाचक खेचू लागली. डिसेंबर २०१३ मध्ये फेसबुकने फीडची निवड बदलली आणि काही महिन्यांतच तिचे वाचक निम्म्याच्या आसपास आले. २०१५ मध्ये फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स आणली: लेख आमच्याच ॲपमध्ये उघडेल, झटक्यात उघडेल, तुम्ही फक्त मजकूर द्या. अनेक वृत्तसंस्थांनी त्यासाठी तंत्रज्ञ नेमले, आपली व्यवस्था त्या साच्यात बसवली. एप्रिल २०२३ मध्ये ती सोय बंद झाली. मधल्या काळात व्हिडिओचं वारं आलं. लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओ करणारी घेतली गेली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकला कबूल करावं लागलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून जाणारी माणसं त्या सरासरीत धरलीच नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे फीडमध्ये नातेवाईक आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. साइटच्या पानांना जे मिळत होतं ते त्या दिवसापासून आटत गेलं.

हे झाले रस्ता अरुंद करण्याचे प्रकार. रस्ता पूर्ण बंदही होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात बातम्यांच्या मोबदल्याच्या कायद्यावरून वाद झाला, तेव्हा फेसबुकने तिथल्या बातम्यांच्या लिंक साधारण आठवडाभर बंद केल्या. त्या झपाट्यात हवामान खात्याची आणि आरोग्य विभागांची पानंही कोरी झाली. कॅनडात तशाच कायद्यानंतर ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्यांच्या लिंक दिसेनाशा झाल्या. त्याच महिन्यात तिथे वणवे पेटले होते आणि गावं रिकामी केली जात होती. आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या गावागावांतून तिथे नाव कमावलेल्या मुलामुलींचे फॉलोअर्स त्या एका दिवसात संपले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याआधी २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं, २०१९ मध्ये गुगल प्लस. कारणं प्रत्येक वेळी निराळी होती, कधी धंदा, कधी कायदा, कधी देशांमधला संघर्ष. पण प्रत्येक वेळी एकच गोष्ट खरी ठरली: ज्याच्याकडे वाचकाचा पत्ता होता त्याचं नुकसान भरून आलं, ज्याच्याकडे फक्त फॉलोअर्सचा आकडा होता त्याला पुन्हा शून्यापासून मांडावं लागलं.

बायपास झाल्यावर जुन्या रस्त्याचं काय होतं हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि जुन्या महामार्गावरून जाणारी कितीतरी वाहनं तिकडे वळली. जुन्या रस्त्यावरचा वाटसरू चहाला थांबायचा, कारण रस्ता दारावरून जात होता. चहा आठवत होता म्हणून तो थांबत नव्हता. अशा गिऱ्हाइकावर चालणारी टपरी रस्ता बदलला की ओस पडते. पण ज्या खानावळीसाठी माणूस मुद्दाम वळण घेतो, मुलांना ‘इथे थांबायचंच’ असं आधीपासून सांगून ठेवतो, तिचं गिऱ्हाईक बायपासने तुटत नाही. साइट चालवणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न हाच आहे. फीडचा रस्ता उद्या दुसरीकडून गेला तर किती वाचक वळण घेऊन येतील? या प्रश्नाचं उत्तर रोजच्या आकड्यात मिळत नाही, आणि ते शोधायला सुरुवात केली की आपल्या कामाची सगळी मांडणी बदलते.

फीडवरून येणारा वाचक कोणत्या अवस्थेत येतो हेही नीट पाहायला हवं. तो काही शोधायला निघालेला नसतो. अंगठा सरकत असतो, मध्येच चित्र दिसतं, शीर्षक वाचलं जातं, बोट टेकतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या ॲपमधून लिंक उघडली की ती बहुतेकदा त्या ॲपच्याच ब्राउझरमध्ये उघडते. वाचकाने आपल्या साइटवर आधी लॉगिन केलेलं असलं तरी तिथे तो अनोळखी असतो, आणि वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली की क्षणात परत फीडवर. तंत्राच्या अर्थाने तो आपल्या साइटवर आला, अनुभवाच्या अर्थाने तो फेसबुकमधून बाहेर पडलेलाच नाही. साइटचं नावही त्याच्या लक्षात राहत नाही. ‘फेसबुकवर वाचलं’ असंच तो सांगतो. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरच्या बातम्यांच्या लिंक तपासल्या, तेव्हा शेअर झालेल्या लिंकपैकी ५९ टक्के कुणी उघडल्याच नव्हत्या असं दिसलं. वेबसाइटवरचं वाचन मोजणाऱ्या चार्टबीट या कंपनीने २०१४ मध्ये सांगितलं की पानावर आलेल्यांपैकी ५५ टक्के लोक पंधरा सेकंदांहूनही कमी वेळ प्रत्यक्ष वाचतात, आणि लेख किती शेअर झाला याचा तो किती वाचला गेला याच्याशी संबंध दिसत नाही. लाइक, शेअर, क्लिक आणि वाचन या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिल्या तिन्हींचे तक्ते करतो आणि चौथी घडलीच असं गृहीत धरतो.

म्हणून कामाचा खरा भाग त्या पंधरा सेकंदांत आणि त्याच्या जरा आधी आहे. आधी म्हणजे लिंक. मराठी साइटवर लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवण्याची सोय असते आणि ब्राउझरच्या पट्टीत तो छान मराठीत दिसतो. तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की त्याचं रूप पालटतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. ‘दिवाळी-अंक’ एवढे दोन शब्द पत्त्यात गेले की त्यांच्या ब्याऐंशी खुणा होतात. पूर्ण शीर्षकच पत्त्यात असेल तर फोनच्या पडद्यावर सात-आठ ओळींचा अगम्य मजकूर उमटतो आणि फसवणुकीच्या लिंकना घाबरलेल्या माणसाला तो उघडावासा वाटत नाही. पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवणं हा यावरचा उपाय आहे. भाषेचा अभिमान लेखात आणि शीर्षकात दिसला पाहिजे. पत्त्याचं काम पोहोचवण्याचं आहे.

लिंकखाली जो चौकोन दिसतो, चित्र, शीर्षक आणि दोन ओळी, तो आपोआप बरा होत नाही. फेसबुकने २०१० मध्ये ओपन ग्राफ नावाची पद्धत आणली आणि तेव्हापासून लेखाच्या पानात लिहून ठेवलेल्या खुणांवरून हा चौकोन तयार होतो. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलच्या प्रमाणात, म्हणजे आडवं लागतं. लेखकाचा उभा फोटो दिला तर डोकं कापलं जातं. फाइल जड असली तर व्हॉट्सॲपवर चित्र येतच नाही. शीर्षक लांब असलं तर नेमकं क्रियापद तीन टिंबांमागे जातं, आणि मराठी वाक्यात अर्थ क्रियापदाशी पूर्ण होत असल्यामुळे अर्धं शीर्षक कधी कधी उलटाच अर्थ देतं. शीर्षकात चूक राहिली आणि ती नंतर सुधारली तरी फेसबुकने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. ती नव्याने वाचायला लावण्यासाठी त्यांचंच शेअरिंग डीबगर नावाचं साधन वापरावं लागतं. हे बारीक काम आहे, त्याला कुणी शाबासकी देत नाही, पण अनोळखी माणूस आपल्याला पहिल्यांदा पाहतो तो याच चौकोनात.

मग पान उघडतं. वाचक पहिल्या परिच्छेदावर येतो न येतो तोच ‘सूचना पाठवू का’ असं विचारणारी पाटी येते, तिच्यावर दुसरी पाटी, खालून जाहिरात वर सरकते आणि वाचत असलेली ओळ पडद्याबाहेर जाते. इथे आपण स्वतःच्या हाताने आलेल्या माणसाला परत पाठवत असतो. हीच जाहिरात लेखाच्या शेवटी असती, परत येण्याचं आमंत्रण लेख वाचून झाल्यावर दिलं असतं, तर ते योग्य वेळी झालं असतं. चांगला लेख शेवटपर्यंत वाचलेला माणूस त्या क्षणी आपल्याला सर्वात जवळचा असतो. त्याला त्याच विषयावरचे दोन जुने लेख दाखवावेत, लेखक कोण आहे ते सांगावं, आणि ‘दर रविवारी असं एक पत्र येईल, पत्ता द्या’ एवढंच विचारावं. सोशल मीडियावर दहा पोस्ट वाढवण्यापेक्षा लेखाच्या शेवटची ही दहा ओळींची जागा नीट करणं जास्त फळ देतं, असं मला वाटतं.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप रोखठोक असतो: वर्गणीदाराच्या गोष्टी ठीक आहेत, पण जाहिरातीचे पैसे पानं किती उघडली यावर मिळतात, मग भडक शीर्षक देऊन गर्दी जमवली तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. मराठी मजकुरावर एका भेटीमागे मिळणारी रक्कम इतकी लहान असते की तिच्यासाठी प्रचंड गर्दी लागते, आणि तेवढी गर्दी सतत आणणं हे ज्या साइटकडे शेकडो माणसं आणि मोठं भांडवल आहे तिलाच जमतं. लहान साइट त्या शर्यतीत उतरली की तिला आपला मजकूर बदलावा लागतो. आणि तो बदलला की ज्या थोड्या लोकांना ती आवडत होती तेही दुरावतात. ‘पुढे जे घडलं ते वाचून डोळ्यांत पाणी येईल’ हे शीर्षक एकदा चालतं. लेखात पाणी आणण्यासारखं काही नसेल तर त्या वाचकाने आपलं नाव लक्षात ठेवलेलं असतंच, फक्त टाळण्यासाठी. शीर्षक हे वचन आहे. ते उत्सुकता वाढवणारं असावं, त्यात लेखातला सर्वात नेमका तपशील असावा, पण लेख ते वचन पाळणारा असला पाहिजे. अपवर्दीच्या उदाहरणातून हेच दिसतं: युक्तीने आलेली गर्दी युक्तीच्या मालकीची असते, आणि नियम बदलला की युक्ती मरते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. लोक फेसबुकवर आहेत तर लेख पूर्णच तिथे टाकावा, साइटचा खटाटोप कशाला? अनेक चांगले मराठी लेखक आज असंच करतात आणि त्यांना भरघोस प्रतिसादही मिळतो. त्यांच्या लेखनाविषयी आदर असल्यामुळेच मला याची काळजी वाटते. दोन वर्षांपूर्वीची फेसबुक पोस्ट शोधून काढणं लेखकालाही जड जातं. खातं नसलेल्या माणसाला तर ती नीट दिसतही नाही. मराठीने हे नुकसान एकदा सोसलं आहे. यूनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या वृत्तपत्रांच्या साइट ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये होत्या, वाचायचं तर तो फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, आणि गुगलला त्यातलं काही शोधता येत नव्हतं. त्या काळातला कितीतरी मजकूर आज असून नसल्यासारखा आहे. आता पुन्हा आपण सुंदर अक्षरांत मजकूर लिहून त्याचं चित्र करून टाकतो; ते शोधात सहजी सापडत नाही आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही ते वाचणं अवघड जातं. याउलट १९९६ साली सुरू झालेली ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट ऑर्कुटच्या आधीपासून होती, ऑर्कुटच्या नंतरही राहिली, कारण तिथला मजकूर तिच्या स्वतःच्या पत्त्यावर होता आणि परदेशातल्या मराठी माणसांना तो पत्ता पाठ होता.

व्हॉट्सॲपचा विचार वेगळा करावा लागतो, कारण मराठी मजकुराचा खरा प्रवास तिथे होतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप. इथे अल्गोरिदम नाही. लेख पाठवणारं माणूस ओळखीचं असतं, आणि म्हणून त्या शिफारशीला वजन असतं. २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच जणांपुरतं मर्यादित झालं आणि एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फॉरवर्ड झालेला मजकूर एका वेळी एकालाच पाठवता येऊ लागला. अफवांसाठी ते योग्यच झालं. पण आपल्या कामातला मोठा प्रश्न निराळा आहे: लिंक पाठवण्याऐवजी अख्खा लेख कॉपी करून पाठवला जातो, वाटेत लेखकाचं नाव गळतं, आणि पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांनी कधीही न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर फिरत राहतो. यावर रागावून उपयोग नाही. लोक कॉपी करतात कारण लिंक उघडल्यावर समोर पाट्या येतात आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांतून लेखापर्यंत पोहोचता येत नाही. पान स्वच्छ असेल, अक्षर मोठं असेल, लेख लगेच दिसत असेल, तर लिंक पाठवणं हेच सोपं होतं. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक आकडेवारीत बरेचदा ‘थेट आलेला’ म्हणून नोंदला जातो. पाठवताना लिंकला छोटी खूण जोडली तर निदान आपण पाठवलेल्या लिंकचा माग लागतो.

तिसरा आक्षेप आकड्यांच्या आधाराने येतो. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या डिजिटल न्यूज रिपोर्टनुसार बातम्यांसाठी मुख्यतः थेट साइटवर किंवा ॲपवर जाणाऱ्यांचं प्रमाण २०१८ मधल्या ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं, आणि सोशल मीडियावरून येणाऱ्यांचं २३ वरून ३० वर गेलं. अनेक देश मिळून काढलेले हे आकडे आहेत. मग वाहत्या पाण्याच्या उलट का पोहायचं? आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच मी सोशल मीडिया सोडा असं म्हणत नाही. नवा वाचक तिथेच भेटणार आहे. पण ते २२ टक्के कोण आहेत ते पाहा. शोधत येणारे, नाव ठाऊक असणारे, पैसे देण्याची शक्यता असणारे लोक त्यांच्यातच सर्वाधिक असतात. दुर्मीळ झालेली गोष्ट स्वस्त होत नाही, महाग होते. शोधयंत्राबद्दलही कुणी म्हणेल की गुगल हाही मध्यस्थच आहे, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या निकालांवर यंत्राने तयार केलेला सारांश दिसू लागल्याने तिथूनही लोक कमी येतील. ही भीती रास्त आहे. तरी शोधून येणारा माणूस स्वतःचा प्रश्न घेऊन येतो, आणि उत्तर मिळालं तर दाता कोण हे तो लक्षात ठेवतो. मध्यस्थ कुणीही असो, उपाय एकच: त्याने आणून दिलेल्या माणसाची आपण स्वतः ओळख करून घेणं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे. दोन-तीन माणसांच्या चमूने लेख संपादित करायचे, चित्रं करायची, पाच ठिकाणी पोस्ट टाकायच्या, वर हे सगळं कधी करायचं? माझं उत्तर असं की पाच ठिकाणी जाऊच नये. जिथे आपला वाचक खरोखर बोलतो असं एक ठिकाण आणि व्हॉट्सॲप, एवढं पुरे. तिथेही रोज नवी पोस्ट हवी असा नियम नाही. चांगल्या साइटजवळ जुन्या लेखांचा साठा असतो आणि मराठी वर्षाला स्वतःचा ताल आहे: आषाढात वारी, भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, उन्हाळ्यात पाणीटंचाई, जूनमध्ये शाळा. जुना लेख योग्य आठवड्यात पुन्हा पुढे ठेवला तर तो नव्याइतकाच उपयोगी पडतो. वाचलेला वेळ पत्त्यांवर घालावा. ई-मेल आपल्याकडे कमी वाचले जातात हे मान्य. म्हणून व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादीही ठेवावी. एका यादीत २५६ जणच मावतात आणि संदेश पोहोचण्यासाठी वाचकाने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असावा लागतो. या अटी पहिल्यांदा अडचण वाटतात. नीट पाहिलं तर दुसरी अट म्हणजे वर्गणीच आहे: वाचकाने आपल्यासाठी काहीतरी केलं, आपलं नाव स्वतःच्या यादीत लिहून ठेवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सॲप चॅनलवर लाखो फॉलोअर्स मिळू शकतात, पण त्यातल्या एकाचाही नंबर आपल्याला दिसत नाही. दोन्ही वापरावं, कुठलं आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे विसरू नये.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. दिवाळी अंक दिवाळीत विकला जातो, पण वाचला जातो पुढचे कितीतरी महिने. गावोगावची वाचनालयं खास दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात आणि एकच अंक घराघरांतून फिरत राहतो, पानं मऊ होईपर्यंत. मराठी वाचकाला चांगल्या मजकुरासाठी थोडे पैसे द्यायची, नाव नोंदवायची, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची सवय आहे. ती सवय मोडीत काढून त्याला अंगठा सरकवणारा प्रेक्षक समजणं हे त्याच्यावर अन्याय करणं आहे. सोशल मीडियाने आपल्याला अंक दारावर टांगण्यासाठी फार मोठी दोरी दिली आहे, आणि ती जरूर वापरावी. पण सकाळी तो आकडा उघडताना ‘काल किती आले’ या ओळीशेजारी आणखी एक ओळ असावी: मागच्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्यांपैकी या महिन्यात किती परत आले. ही ओळ लहान असते, सावकाश वाढते, आणि तिच्यातलं प्रत्येक माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलेलं असतं. माझ्या कामाचं खरं माप मी आता त्या ओळीतच शोधते.